धाकट्या चिरंजिवांचं कलम

श्रीमंत माणसं गेल्यावर त्यांच्या पैशाचं काय करायचं, हे मी गेली बावीस वर्षं त्यांना ती जिवंत असताना सांगत आलो आहे. हा माझा व्यवसाय आहे आणि तो ऐकायला वाटतो तितका सोपा नाही. समोरच्या सोफ्यावर चार कारखान्यांचा मालक बसलेला असतो, आणि त्याला "तुमच्यानंतर" हा शब्द अशा आवाजात सांगावा लागतो की त्याला राग येऊ नये, रडू येऊ नये आणि आमची फी मात्र लक्षात राहावी. तो आवाज कमवायला मला सहा वर्षं लागली.

आमच्या कंपनीत एका घराण्याच्या संपत्तीमागे पाच माणसं असतात. एक गुंतवणूक बघतो, एक कर बघतो, दोघं त्या दोघांवर लक्ष ठेवतात आणि मी कागद बघतो. मृत्युपत्र, ट्रस्ट, कुणाच्या नावावर काय आणि कुणाच्या हातात किती. या क्षेत्रात माझं थोडं नावही आहे, आणि ते एका कलमामुळे आहे. एका बिस्किटवाल्या घराण्यातल्या धाकट्या मुलानं वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी मोटरबोट विकत घेतली. शंभर मैलांत कुठेही पाणी नव्हतं. बोट गॅरेजमध्ये उभी राहिली, गाडी रस्त्यावर आली आणि म्हातारे बिस्किटवाले आमच्याकडे आले. मग मी ते कलम लिहिलं. धाकट्याचा वाटा थोरल्या बहिणीकडे राहावा, तिनं तो दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला थोडा थोडा द्यावा, असं का केलं ते त्याला सांगू नये, आणि त्याचा मान सांभाळावा. पुढे ते अकरा घराण्यांना चपखल बसलं. ऑफिसात त्याला 'धाकट्या चिरंजिवांचं कलम' असंच म्हणतात. या कलमाची हकिगत मी घरी जेवताना बऱ्याचदा सांगितली आहे. बायको ती मान खाली घालून ऐकते आणि मधेच मीठ पुढे करते.

तर गेल्या वर्षी आमच्या कंपनीनं श्रीमंतांसाठी एक व्याख्यान ठेवलं. वक्ता अर्थातच मी. चाळीस खुर्च्या मांडल्या होत्या आणि श्रीमंत आले तेवीस. थोरल्या साहेबांनी दुपारी फर्मान काढलं की सगळ्यांनी आपापल्या घरच्या माणसांना बऱ्या कपड्यांत बोलावून रिकाम्या खुर्च्या भराव्यात. बायको पाणीपुरवठा खात्यातलं आपलं ऑफिस आटोपून थेट आली आणि तिसऱ्या रांगेत बसली. मी रंगात आलो होतो. शेवटी माझं ते ठरलेलं वाक्य आलं. "तुम्ही गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, तुमच्या घरातल्या माणसाला पहिला कागद कुठे सापडेल?" या वाक्यानंतर मी पाणी पितो आणि मनात पाचपर्यंत मोजतो. तेवढ्यात निदान दोन उद्योगपती रुमाल काढतात. त्या दिवशी तिघांनी काढले. बायकोनं काढला नाही. ती नुसती माझ्याकडे बघत होती.

घरी येताना जिन्यात ती म्हणाली, "आपला कुठे आहे?"

"काय?"

"पहिला कागद."

मी म्हटलं, आहे की, सगळं आहे. हे मी माझ्या त्या कमावलेल्या आवाजात म्हटलं, पण तिला तो आवाज लागू पडत नाही. खरं सांगायचं तर माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. आम्हाला मूल नाही. घरात माणसं दोन. त्यातलं एक गेलं की दुसऱ्यानं एकट्यानं सगळं निभवायचं, एवढा साधा मामला. दोनशे घराण्यांना मी हे समजावलं होतं आणि सत्तावीस वर्षांत हिला एकदाही नाही. येत्या रविवारीच आपल्या घराची फाइल करायची, आणि अशी करायची की हिनं बघत राहावं, असं मी दुसऱ्या मजल्यापर्यंत ठरवून टाकलं.

आमचे कागद एका बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आहेत. डबा त्याच घराण्यानं भेट दिलेला. रविवारी मी तो टेबलावर उपडा केला आणि एकेक कागद वाचून हिच्यापुढे ठेवायला लागलो. पहिली मुदत ठेव. नॉमिनी कोण, तर माझी ताई. दुसरी ठेव, ताई. विमा, ताई. भविष्य निर्वाह निधी, ताई. सोळा वर्षांपूर्वी विकलेल्या स्कूटरच्या अपघात विम्यावरसुद्धा ताई. म्हणजे जी स्कूटर माझ्याकडे नाही तिच्यावरून मी पडलो असतो, तरी पैसे ताईलाच मिळाले असते.

यात कट वगैरे काही नव्हता. माझी पहिली नोकरी लागली तेव्हा ताईनं मला हाताला धरून बँकेत नेलं, दोघांच्या नावावर ठेव काढली, आणि फॉर्मवर जिथे रिकामी जागा दिसली तिथे तिचं नाव लिहायला लावलं. हाताला ती सवयच लागली. पुढे लग्न झालं, पण हाताला कुणी कळवलं नाही. मी हे सगळं बायकोला सविस्तर सांगितलं. तिनं कागद सारखे करून डब्यात ठेवले, चहा केला आणि म्हणाली, "ताई चांगल्याच आहेत." ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

सोमवारी अर्धी रजा टाकून मी बँकेत गेलो. तिथे सह्या तपासणाऱ्या एक बाई आहेत. त्यांनी माझा फॉर्म घेतला, संगणकावर माझी बत्तीस वर्षांपूर्वीची सही काढली आणि पडदा माझ्याकडे वळवला. चोविसाव्या वर्षी मी फार मोठा माणूस होणार होतो, हे त्या सहीवरून स्पष्ट दिसत होतं. सुरुवातीला एक प्रचंड गिरकी, मधे दोन वेलांट्या आणि खाली अशी रेघ की जणू खालून कुणी वर येऊ नये. आताची माझी सही मुंगीसारखी आहे. बाई म्हणाल्या, जुळत नाही. मी म्हटलं, माणूस तोच आहे. बाई म्हणाल्या, ते तुमचं म्हणणं झालं.

मग मी घरी येऊन स्वतःची सही गिरवायला बसलो. दोन दिवसांत अर्धी वही भरली. गिरकी जमली की वेलांटी हुकायची, आणि वेलांटी साधली की खालची रेघ थरथरायची. बायकोनं मागून वाकून बघितलं आणि हा मुलगा बरा दिसतोय, असा शेरा मारला. बँकेत तीन प्रयत्न झाले. तिसऱ्या वेळी रांगेतल्या एका गृहस्थांनी मला मनगट सैल ठेवायचा सल्ला दिला. अखेर बाईंनी फॉर्म परत केला आणि सांगितलं, या खात्यावर दुसरं नाव आहे ना, त्यांना घेऊन या. त्यांनी तुम्हाला ओळखलं, तर मी मानीन.

म्हणजे ताईचं नाव काढायला ताईलाच आणायचं होतं. माझ्या पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला मला शर्ट शिवून देणाऱ्या बहिणीला फोन करून कसं सांगायचं की ये, तुला कमी करायचंय? मी ठरवलं की तिला जरा सावकाश कळवू आणि तोवर मृत्युपत्र उरकून घेऊ.

मृत्युपत्र माझ्या हातचा मळ आहे, असा माझा समज होता. मी ऑफिसातला उत्तम नमुना घेतला. तेवीस पानांचा. बायकोनं विचारलं की आपल्याकडे तेवीस पानांएवढं आहे काय. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, डब्यातले कागद आणि भिंतीवरचं घड्याळ. मी म्हटलं, दर्जा म्हणून काही असतो. मी बरंच गाळलं, पण सातव्या पानावरचं नववं कलम राहू दिलं, कारण ते काढलं की पुढचे सगळे आकडे हलायचे. ते कलम असं होतं: 'माझ्या मालकीचे घोडे, बोटी आणि परदेशातील घरे यांची व्यवस्था पुढीलप्रमाणे करावी.' खाली पुढीलप्रमाणे काहीच नव्हतं.

साक्षीदार दोन हवेत. समोरच्या दारात एक निवृत्त हेडमास्तर राहतात आणि आमच्या डोक्यावर वरच्या मजल्यावरच्या काकू. मी मास्तरांकडे गेलो, खुर्चीच्या कडेवर बसलो आणि सवयीनं माझा तो आवाज लावला. म्हटलं, "मास्तर, माझ्या पश्चात काही प्रश्न उभे राहू नयेत, म्हणून तुमच्याकडे आलोय." मास्तर एकदम गंभीर झाले. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?" मृत्युपत्राला जोडायला मला खरोखरच डॉक्टरांचा दाखला लागणार होता. म्हणून मी म्हटलं, "त्यांच्याकडे उद्या जायचंय. सगळं त्यांच्यावर आहे."

साक्षीदारानं सही फक्त बघायची असते, मजकूर वाचायचा नसतो, हे मी मास्तरांना सांगितलं होतं. त्यांनी मान डोलावली, असल्या कागदांचा आपल्याला अनुभव आहे म्हणाले, आणि एक प्रत ठेवून घेतली. ती त्यांनी रात्रीतून तपासली. लाल पेननं. सकाळी नवव्या कलमाशी समासात मोठं प्रश्नचिन्ह होतं आणि दहा वाजेपर्यंत सगळ्या इमारतीला दोन गोष्टी कळल्या होत्या. एक, मी जाणार आहे. दोन, माझ्याकडे घोडे आहेत.

पुढच्या आठ दिवसांत माझी जी शोभा झाली ती सांगताना आजही मान खाली जाते. काकू रोज सूप आणायला लागल्या आणि दारात उभं राहून मी ते पितोय की नाही ते बघायला लागल्या. इमारतीच्या सेक्रेटरींनी आधी माझ्या तब्येतीची चौकशी केली, मग नव्या लिफ्टच्या खर्चाचा विषय काढला आणि शेवटी, लिफ्टमध्ये पितळेची पाटी लावून तिच्यावर माझं नाव घालता येईल असं सुचवलं. मी म्हटलं, माझ्याकडे घोडे नाहीत. ते समजुतीनं हसले आणि म्हणाले, असं उघड बोलायचं नसतंच. तळमजल्यावरच्या एकानं बोटी कुठल्या बंदरात आहेत ते विचारलं. मी दहा वेळा सांगितलं की तो नमुन्यातला मजकूर आहे. पण ज्याला घोडे लपवायचे आहेत तो माणूस अगदी असंच सांगेल, हे मलाही दिसत होतं.

डॉक्टरांकडेही काही वेगळं झालं नाही. ते आमचे पंचवीस वर्षांचे डॉक्टर. माझं डोकं ठिकाणावर आहे एवढं एका ओळीत लिहून द्या म्हटलं. ते म्हणाले, तसं एकदम लिहिता येत नाही, शंभरातून सात सात वजा करत या. मी थाटात सुरुवात केली. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, आणि बहात्तरनंतर गाडी रुतली. मी चौसष्ट म्हटलं. डॉक्टरांनी वर बघितलं. तुम्ही काय काम करता म्हणालात, असं त्यांनी विचारलं. लोकांच्या संपत्तीची देखभाल, मी म्हटलं. त्यांनी बराच वेळ लिहिलं. दाखल्यात शब्द होता 'कामापुरते'.

हा दाखला खिशात घालून मी घरी आलो, तर दारात ताईची बॅग. काकूंनी तिला फोन केला होता. काकूंकडे ताईचा नंबर कुठून आला, हे मला कळेना. ताई सत्तरीची आहे आणि सहा तासांचा प्रवास करून आली होती. तिनं मला उजेडात नेलं, डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून बघितल्या, जीभ बाहेर काढायला लावली आणि जाहीर केलं की याला काहीही झालेलं नाही. मग तिनं काकूंचं सूप पिऊन टाकलं.

आता बोलायला हवं होतं. पहिल्या दिवशी मी ताईला प्रवास कसा झाला ते चारदा विचारलं. दुसऱ्या दिवशी तिला बागेत फिरायला नेलं आणि वारसा-नियोजनाचं जागतिक महत्त्व सांगितलं. तिनं ते ऐकता ऐकता डुलकी काढली. गर्भश्रीमंत सासरे आणि हट्टी सुना यांना एका टेबलाशी बसवणारा मी, माझ्याच बहिणीपुढे माझी जीभ उचलत नव्हती. तिचा उपकार मी कागदावरून खोडायला निघालो आहे, असं मला सारखं वाटत होतं. आणि आत ओट्याशी बायको भांडी आवाज न करता ठेवत होती, ते त्याहून वाईट होतं. ती वाट बघत होती, हे मला कळत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिघं टेबलाशी बसलो असताना मी डबा आणला. आवाज वगैरे काही लावला नाही. लागलाच नसता. म्हटलं, "ताई, या सगळ्यावर तुझं नाव आहे. ते काढून हिचं घालायचंय. मी सत्तावीस वर्षांपूर्वीच घालायला हवं होतं. चुकलं माझं."

ताईनं चष्मा शोधला, तो डोक्यावरच होता. सगळे कागद चाळले. मग म्हणाली, "काढ की. अरे, लग्न केलंस तेव्हाच काढायचं. मला वाटलं काढलंस." आणि बायकोकडे वळून अगदी सहज विचारलं, "मग तुझ्याकडचं काय करायचं गं? ते राहू दे ना?"

बायकोनं ताईकडे बघितलं. ताईनं जीभ चावली. माझ्या धंद्यात असली शांतता मी फार ऐकली आहे, तिच्यानंतर नेहमी एखादा लिफाफा निघतो. इथेही निघाला. धान्याच्या डब्यामागून, खाकी रंगाचा, वर सुबक अक्षरात 'पहिला कागद' असं लिहिलेला.

आत दोनच पानं होती, हातानं लिहिलेली, सहा वर्षांपूर्वीची. हिच्या पगाराचं काय होतं हे मी कधी विचारलं नव्हतं. भाजीपाला, वीजबिल, इकडेतिकडे जात असेल, असं धरून चाललो होतो. तो नीट साठत होता. माझ्यापेक्षा दुप्पट साठला होता. हे एवढंच असतं तरी मी पचवलं असतं. पण पुढे लिहिलं होतं: 'ही रक्कम ताईंकडे राहावी. यांच्या हातात एकदम देऊ नये. दर महिन्याच्या पाच तारखेला घरखर्च आणि वर थोडा हातखर्च द्यावा. कारण सांगू नये, खात्याकडून पेन्शन येते असं सांगावं. यांचा मान सांभाळावा.'

माझं कलम होतं ते. शब्दनशब्द. धाकटे चिरंजीव म्हणून मी खुर्चीत बसलो होतो. साक्षीदारांच्या दोन सह्या होत्या, मास्तरांची आणि काकूंची, आणि खाली ताईचा फोन नंबर. इमारतीत माझ्या घोड्यांची बातमी तीन तासांत पोचवणाऱ्या या दोघांनी हे मात्र सहा वर्षं पोटात ठेवलं होतं.

"मी काय बोट घेतली असती?" मी म्हटलं. आवाज जरा चिरका आला.

"बोट नसती घेतली," बायको म्हणाली. "पण कुणीही चार गोड शब्द बोललं की तुम्ही सही करता. फक्त दुसऱ्यांच्या पैशांपुरते तुम्ही हुशार आहात."

"हे शिकलीस कुठे?"

"जेवताना. रोजच सांगता."

ताई मधे पडली आणि म्हणाली की हातखर्च वाढवून द्यायचा की नाही ते वागणं बघून ठरवू. मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. मी दुसरं पान वाचत होतो. त्यात पैशाचं काही नव्हतं. 'हे स्वतःसाठी चपला घेत नाहीत, दर वर्षी आणून द्याव्यात. एकटे असले की सकाळचा चहा करून घेत नाहीत. पहिले काही महिने रोज सकाळी कुणीतरी फोन करावा.' मी ते पान दोनदा वाचलं. मग चष्मा पुसायला काढला आणि बराच वेळ पुसत बसलो.

"सगळं तयारच होतं तुझं," मी शेवटी म्हटलं. "मग त्या दिवशी जिन्यात विचारलंस कशाला?"

"तुमच्या कागदांत मी कुठे आहे, ते बघायचं होतं," ती म्हणाली. "तेवढंच."

दुसऱ्या दिवशी ताई बँकेत आली. सह्यांच्या बाईंनी तिला विचारलं, हे तेच का. ताईनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, तोच आहे, तेव्हा जरा बरा दिसायचा. बाईंनी शिक्का मारला. संध्याकाळी मी तेवीस पानं फाडली आणि एका पानावर हातानं लिहिलं. जे आहे ते हिचं. डबा कुठे आहे, किल्ली कुठे आहे, आणि कुणाला आधी फोन करायचा. खाली हेही लिहिलं की ही डोकं दुखलं तरी कुणाला सांगत नाही, तेव्हा विचारत राहावं. हे लिहायला मला तेवीस पानांपेक्षा जास्त वेळ लागला.

ते घेऊन समोर गेलो. मास्तरांनी लाल पेन हातात धरून वाचलं आणि विचारलं, "घोडे काढले?" मी म्हटलं, काढले. ते जरा हिरमुसले, पण त्यांनी सही केली, आणि सवयीनं कोपऱ्यात गुण दिले. दहापैकी आठ. मी विचारलं, हिला किती दिले होते. साडेनऊ, ते म्हणाले. अर्धा का कापला म्हणून विचारलं, तर त्यांनी पेनचं टोपण लावलं आणि म्हणाले, "आपणच आधी जाणार, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. तुमचाही अर्धा त्यालाच गेलाय."

मी घरी आलो. ताई बॅग भरत होती आणि बायको तिला डबा बांधून देत होती. तिनं न बघता विचारलं, किती मिळाले. मी म्हटलं, आठ. मिळाले ते पुष्कळ झाले, ती म्हणाली आणि माझा कागद वाचायला खिडकीशी उजेडात गेली. तिथे ती बराच वेळ पाठमोरी उभी राहिली. मग कागद खाकी लिफाफ्यात आपल्या कागदांबरोबर घातला, आणि तो धान्याच्या डब्यामागे न ठेवता टेबलावर माझ्यासमोर ठेवला. त्या दिवशी पाच तारीख होती. लिफाफ्याखाली हातखर्च होता.